दोन ट्रॅकांच्या मधली जागा

(दृश्य: पावसाळी सकाळ. बंगल्यामागचे गॅरेज. शटर हळूहळू वर जाते.)

कोल्हापुरातील ताराबाई पार्कात एका जुन्या बंगल्याच्या मागे, जिथे पूर्वी जळण आणि अडगळ ठेवली जात असे, तिथे आता चार खांबांची लिफ्ट उभी आहे. तिच्या दोन ट्रॅकांवर, म्हणजे गाडीची चाके जिथे टेकतात त्या लांब पोलादी पट्ट्यांवर, पांढरी अँबॅसिडर आहे, खाली घरची रोजची हॅचबॅक लावलेली आहे आणि भिंतीवर पाने ओळीने टांगलेले आहेत. लिफ्ट बसवून दीड वर्ष झाले, तरी बंगल्यातल्या या गृहस्थांना तिच्यावर अजून एकाही गाडीचे चाक काढता आलेले नाही.

यात लिफ्टचा दोष नाही, तिची रचनाच तशी आहे. दोन खांबांची लिफ्ट चार हातांनी गाडीला खालून धरते आणि चाके मोकळी लोंबतात. चार खांबांच्या लिफ्टवर मात्र गाडी रस्त्यावर उभी असते तशीच स्वतःच्या टायरांवर उभी राहते. त्यामुळे तेल बदलणे, सायलेन्सर तपासणे किंवा गिअरबॉक्सखाली शिरणे सोपे होते, पण ब्रेक, बेअरिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि टायर यांची कामे करायची असतील, तर गाडीला ट्रॅकवरून आणखी वीतभर उचलणारे काहीतरी दोन ट्रॅकांच्या मधल्या जागेत बसवावे लागते. ते कसे निवडावे, एवढ्याच प्रश्नाचा हा माहितीपट आहे.

या मधल्या जागेसाठी मुख्यतः दोन साधने मिळतात. पहिले म्हणजे जॅक ट्रे: दोन्ही ट्रॅकांच्या आतल्या कडांवर टेकणारा, मागेपुढे सरकवता येणारा पोलादी ट्रे, ज्यावर आपण बाटली जॅक (बाटलीच्या आकाराचा, तेलाच्या दाबावर चालणारा जॅक) ठेवतो. दुसरा सरकता ब्रिज जॅक, म्हणजे त्याच कडांवर रोलरने फिरणारा आडवा तुळईसारखा जॅक, ज्याचे दोन हात डावीउजवीकडे बाहेर ओढता येतात आणि जो गाडीची पुढची किंवा मागची बाजू एकाच वेळी उचलतो. ट्रे स्वस्त आणि हलका असतो. ब्रिज जॅक महाग असतो आणि इतका जड, की तो एकदा कडांवर चढवला की सहसा खाली उतरवला जात नाही. मात्र त्याच्या अंगातच दात्यांचे यांत्रिक लॉक असते, म्हणजे तेलाचा दाब गेला तरी भार त्या दात्यांवर अडकून राहतो. बाटली जॅकला असे काही नसते. सील फुटले की तो बसतो आणि त्याच्याबरोबर गाडीही बसते. म्हणून ट्रे घेणाऱ्याने घोडीसाठी (जॅक बसला तरी गाडी तोलून धरणाऱ्या स्टँडसाठी) दुसरा ट्रे किंवा आडवी तुळईही घ्यावी लागते; तो खर्च धरला की ट्रेचा स्वस्तपणा बराच कमी होतो.

(दृश्य: उद्यमनगरातील गल्ली. लेथ, वेल्डिंगच्या ठिणग्या, बाहेर रचलेले चॅनेल.)

कोल्हापुरात या निवडीत एक गोष्ट आडवी येते, आणि ती म्हणजे उद्यमनगर. शिवाजी उद्यमनगरात सकाळी कागदावर काढलेली वस्तू संध्याकाळी हातात मिळू शकते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत देशभरातल्या वाहन कारखान्यांसाठी कास्टिंग ओतली जातात. दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा तिच्याकडे कौतुकाने पाहणारा माणूस तिच्या खाली काय आहे, हेही मनातल्या मनात तपासत असतो. अशा गावात तयार ब्रिज जॅकची किंमत ऐकल्यावर ‘हे आपण करून घेऊ’ हा विचार येणे अगदी साहजिक आहे.

या गृहस्थांनीही तेच केले होते. त्यांनी एका वर्कशॉपमधून ट्रे करून घेतला. ते कोणते, हे सांगण्यात अर्थ नाही, कारण चूक माप देणाऱ्याची होती. दोन ट्रॅकांमधले अंतर त्यांनी टेप धरून फक्त पुढच्या टोकाला मोजले आणि तेवढ्याच मापाचा ट्रे बनवायला दिला. मागच्या टोकाला तेच अंतर ९ मिलिमीटरने जास्त होते. पुढे ट्रे घट्ट बसत होता, पण मागे नेल्यावर त्याचा अँगल (कडेवर टेकणारी काटकोनी लोखंडी पट्टी) कडेवर जेमतेम नखाएवढा टेकत असे. अँबॅसिडरचा मागचा ॲक्सल उचलायला घेतला, भार आला, तशी एका बाजूचा अँगल उघडला आणि ट्रे तिरका झाला. सुदैवाने टायर अजून ट्रॅकवरून सुटलेले नव्हते. तो ट्रे आज कुंड्या ठेवायला वापरला जातो.

म्हणून टेप घेऊन बसायचे ते गाडीजवळ नव्हे, तर लिफ्टजवळ, आणि तेही लिफ्ट खाली उतरवून न ठेवता, गाडी चढवून ती खांबांतल्या लॉकवर बसवलेली असताना, कारण भाराखाली ट्रॅक थोडे वाकतात आणि आतली कडाही किंचित फिरते. अंतर दोन्ही टोकांना आणि मध्यभागी घ्यावे. त्यानंतर कडेचा आकार पाहावा. काही लिफ्टांच्या ट्रॅकला आतून सलग पट्टी असते, काहींना वेगळी रेल बोल्टने जोडावी लागते, आणि काही स्वस्त लिफ्टांच्या ट्रॅकला आतून कसलाच आधार नसतो. अशा लिफ्टवर ब्रिज जॅकचा विचार पहिल्याच पायरीला सोडून द्यावा. कडेची रुंदी आणि जाडी व्हर्निअरने मोजावी, तिला बाक असेल तर तोही नोंदवावा, आणि ती किती भार पेलण्यासाठी बनवली आहे हे लिफ्टच्या पुस्तिकेत शोधावे. लिफ्ट चार टनांची आहे म्हणजे तिची कडाही तेवढाच भार घेईल, असे समजायचे कारण नाही. लिफ्टचा भार चार खांबांवर वाटला जातो. जॅकचा सगळा भार मात्र कडेवरच्या चार रोलरांच्या जागी येतो.

जॅकची क्षमता ठरवणे त्या मानाने सोपे आहे. ब्रिज जॅक एका वेळी एकच बाजू उचलतो, म्हणून त्याच्यावर पूर्ण गाडीचे वजन येत नाही. सुमारे ९०० किलोच्या हॅचबॅकचा पुढचा भाग इंजिनामुळे जड असला, तरी तो साडेपाचशे-सहाशे किलोंच्या आसपासच राहतो, आणि दोन टनांच्या वर वजन असलेल्या मोठ्या एसयूव्हीचा पुढचा भागही सव्वा टनाच्या जवळपास असतो. घरच्या गॅरेजसाठी दोन टनांचा जॅक पुरतो. त्याहून मोठा घेतला तर तो जड होतो आणि कडेवर विनाकारण ओझे वाढते. जॅकचे स्वतःचे वजनही लिफ्टच्या एकूण क्षमतेतूनच वजा होते, हे हिशेब करताना सहसा विसरले जाते.

खरी गफलत उंचीत होते. जॅक किती उंच उचलतो याचा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो, पण त्याचबरोबर तो मिटलेला असताना किती उंच असतो हेही पाहावे लागते. खाली लावलेल्या हॅचबॅकचे उदाहरण घेऊ. तिच्या दाराखालच्या पाटीची शिवण (दोन पत्रे जोडल्याची खालची धार) ट्रॅकच्या पृष्ठभागापासून २०० मिलिमीटर वर आहे. जॅक पाटीखाली लावून उचलला की गाडीचे अंग आधी वर जाते आणि चाके सस्पेन्शनच्या सैलावण्याने खालीच रेंगाळतात; हे सैलावणे ९० मिलिमीटर आहे. चाक काढायला टायरखाली ५० मिलिमीटर मोकळी जागा हवी. म्हणजे जॅकची गादी (गाडीला टेकणारा वरचा भाग) ३४० मिलिमीटरपर्यंत पोचली पाहिजे. आता समजा, जॅक मिटलेला असताना त्याची गादी ट्रॅकच्या पृष्ठभागापासून ६० मिलिमीटर वर असते आणि त्याचा उचल-प्रवास २३० मिलिमीटर आहे. बेरीज होते २९०. पन्नास मिलिमीटर कमी पडतात, आणि चाक ट्रॅकला घासत राहते.

यावर उपाय म्हणून गादीखाली उंची वाढवणारे तुकडे मिळतात. १५० मिलिमीटरचा तुकडा घातला तर वरची उंची भरपूर मिळते, पण मिटलेल्या स्थितीत गादी २१० मिलिमीटरवर जाते आणि २०० मिलिमीटरच्या शिवणीखाली ती शिरतच नाही. ७५ मिलिमीटरचा तुकडा घातला तर सुरुवात १३५ वर होते आणि शेवट ३६५ वर. दोन्ही टोके जमतात. अँबॅसिडरच्या मागच्या बाजूला हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तिथे पाट्याच्या स्प्रिंगांना जोडलेला सलग ॲक्सल थेट उचलता येतो आणि चाक त्याच्याबरोबर लगेच वर येते. शिडीसारखी चॅसी असलेल्या जीपला किंवा एसयूव्हीला चॅसीवरून उचलायचे झाले, तर मात्र सैलावणे पुष्कळ जास्त असते. त्यामुळे कोणत्या गाड्या उचलायच्या आहेत हे आधी ठरवून, प्रत्येकीचे हे तीन आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवावेत आणि मगच दुकानात जावे.

(दृश्य: जवळून. गादीतील खाचेत पाटीची शिवण अलगद बसते.)

आता गादी. दाराखालची शिवण म्हणजे दोन पत्रे एकमेकांना जोडून काढलेली पातळ, उभी धार. सपाट लोखंडी गादी तिच्यावर टेकवली की भार धारेवर येतो, शिवण मुडपते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. म्हणून मधोमध खाच असलेली गादी वापरावी; शिवण खाचेत मोकळी राहते आणि भार तिच्या दोन्ही बाजूंच्या जाड भागावर जातो. ॲक्सलच्या गोल नळीसाठी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची गादी हवी, चॅसीसाठी कडा असलेली. इलेक्ट्रिक गाडी असेल तर जॅकचे मधले अंग बॅटरीच्या तळाला कोणत्याही उंचीवर लागणार नाही, हे आधी रिकाम्या जॅकने तपासून पाहावे, कारण दोन पाट्यांमधली जवळजवळ सगळी जागा तिथे बॅटरीनेच व्यापलेली असते.

या गाद्या आणि उंचीचे तुकडे मात्र उद्यमनगरात जरूर करून घ्यावेत. विकतच्यापेक्षा ते बरेचदा सरस निघतात. गादीसाठी पीयूचा (पॉलीयुरेथेनचा) रॉड लेथवर टर्न करून त्याला खाच पाडता येते. उंचीच्या तुकड्यांसाठी ईएन ८ पोलादाचा गोल बार घ्यावा आणि त्याची पिन जॅकच्या भोकात हाताने बसेल, पण लटपटणार नाही, अशी टर्न करावी. कोणी बिडाचे (कास्ट आयर्नचे) ओतून देतो म्हणाले, तर गोड बोलून नकार द्यावा. बीड दाबाला उत्तम असते, पण बाजूने धक्का बसला की ते वाकून इशारा देत नाही, सरळ तुटते. आणि जॅकवरचा भार नेहमी सरळ उभा पडत नाही. वजनाखाली चालणारे हायड्रॉलिक आणि दात्यांचे लॉक मात्र घरी किंवा गल्लीत बनवून घेऊ नये, हे माझे ठाम मत आहे. जी वस्तू आपल्या डोक्यावर दीड टन धरून ठेवते, तिची भार देऊन चाचणी झालेली असली पाहिजे आणि त्या चाचणीची पाटी तिच्यावर दिसली पाहिजे.

पंप हवेचा घ्यावा की हाताचा, यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. हवेवर चालणाऱ्या पंपाला साधारण ६ ते ८ बार दाबाची हवा लागते, म्हणजे कॉम्प्रेसर आला, लिफ्टबरोबर वर जाणारी नळी आली आणि आवाजही आला. महिन्यातून दोनदा चाक काढणाऱ्याला हातपंप पुरेसा आहे. फक्त त्यात जॅकचेच तेल घालावे. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतले, तर सील फुगून निकामी होतात.

खाली दुसरी गाडी लावणाऱ्यांनी आणखी एक माप घ्यावे. ब्रिज जॅक ट्रॅकच्या पातळीखाली काही अंतर लोंबतो. लिफ्टखाली गाडी बसत होती, पण जॅक लावल्यावर तिचे छत खालून टेकू लागले, असेही घडते. जॅक एका टोकाला, खालच्या गाडीच्या बॉनेटवर येईल असा सरकवून ठेवला तर बहुधा निभावते. इथल्या पावसाळ्याच्या हवेत कडांवर तांबूस थर पटकन चढतो. कडा तेलाच्या फडक्याने पुसाव्यात, ग्रीस थापू नये, कारण त्यात धूळ बसून रोलर अडखळतात.

(दृश्य: गृहस्थ नवा ब्रिज जॅक मागच्या टोकाकडे ढकलतात.)

शेवटी त्यांनी हातपंपाचा, दोन टनांचा ब्रिज जॅक घेतला. ७५ मिलिमीटरचे दोन तुकडे आणि व्ही आकाराच्या दोन गाद्या उद्यमनगरातून करून आणल्या. लिफ्ट वर घेऊन पुन्हा थोडी खाली सोडली आणि चारही खांबांतले लॉक बसल्याची खात्री केली, कारण जॅक लावताना ट्रॅक तारेवर किंवा तेलावर लोंबकळत असता कामा नये. मग त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून उट्या (चाक अडवणाऱ्या पाचरी) लावल्या. अँबॅसिडरचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि गिअरची ताकदही मागच्याच चाकांकडे जाते. मागची बाजू उचलली की ते दोन्ही आधार एकदमच जातात आणि गाडी फक्त त्या उट्यांवर थांबते.

पंपाचा दांडा खालीवर होऊ लागतो. प्रत्येक चार-पाच हिसड्यांना दात्यांचा ‘टक्’ असा आवाज येतो. टायर ट्रॅकवरून सुटतात. जॅक किंचित खाली सोडून दात्यांवर टेकवला जातो. चाक हाताने फिरते. नट सुटतात, चाक निघते, ड्रमवर लाकडी हातोड्याचे चार ठोके पडतात आणि ड्रम बाहेर येतो. आतले ब्रेक लाइनर ॲक्सलच्या तेलाने काळे, ओले झालेले आहेत. दीड वर्ष हँडब्रेक ओढूनही गाडी उतारावर का सरकत होती, ते गृहस्थ बोटावर आलेले तेल चोळत पाहत उभे राहतात.