आधी मोजा, मग पाना उचला

मंडळी, गाडीवाल्यांच्या कुठल्याही घोळक्यात एक प्रश्न टाकून बघा: "गाडी गरम होतेय, काय करू?" पाच मिनिटांत सहा उत्तरं येतील. वॉटर पंप बदल. रेडिएटर काढून साफ करून घे. थर्मोस्टॅट काढूनच टाक. हेड गॅसकेट गेलं, आता तयारीत राहा. यातलं प्रत्येक उत्तर कधी ना कधी कुणाच्या तरी गाडीला लागू पडलेलं असतं. पण गाडी सिग्नलला उभी असताना गरम होते की घाट चढताना, हे विचारणारा त्या घोळक्यात क्वचितच सापडतो.

आपण सगळे हौशी आहोत. पाने आहेत, जॅक आहे, पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करून आणलेला सॉकेट सेट आहे. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, मात्र निम्म्या लोकांकडे नसतो. तो हजाराच्या आत मिळतो, आणि माझ्या मते टॉर्क रेंचच्याही आधी घ्यायची वस्तू ती आहे. पाना तुम्हाला पार्ट बदलू देतो. बदलायचा कुठला, हे मीटर सांगतो.

गरम होण्याचंच उदाहरण घेऊ, कारण त्यावर सर्वांत जास्त पैसे वाया जातात. गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापमानाचा काटा चढतो आणि हायवेला लागली की खाली येतो, असं असेल तर संशय पंख्यावर. चालत्या गाडीत समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीत तो पंख्यालाच द्यावा लागतो. एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लागला की पंखा फिरायलाच हवा. नाही फिरला तर फ्यूज बघा, मग रिले, म्हणजे पंख्याला करंट सोडणारा विजेचा स्विच. फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा रिले अनेकदा त्याच नंबरचा असतो, दोघांची अदलाबदल करून बघा. आता पंखा फिरला आणि हॉर्न बंद पडला, तर निकाल लागला: रिले गेलाय. तरीही नाही फिरला, तर बॅटरीवरून फ्यूज असलेल्या वायरीनं मोटरला थेट करंट द्या. इतकं झाल्यावरच मोटरला दोष द्यायचा.

उलट, शहरात सगळं ठीक आणि खंबाटकी चढताना काटा वर जात असेल, तर पंख्याला हात लावू नका. तिथं प्रश्न पाणी फिरण्याचा असतो: रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी बुजल्यात, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) पुरता उघडत नाही, किंवा पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारं चक्र) झिजलाय. बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या गाड्यांत पहिली शक्यता फार दाट. कूलंट घालायचं तर डिस्टिल्ड पाण्यातच मिसळून घाला. निम्मं-निम्मं हे प्रमाण बहुतेकांना चालतं, तरी डबा वाचा. काही कूलंट तयार मिसळलेलंच येतं, त्यात आणखी पाणी घालायचं नसतं.

आणि या सगळ्याच्या आधी बघायची वस्तू म्हणजे रेडिएटरचं झाकण. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाबाचा. ०.९ बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं की तो दाब टिकत नाही आणि समुद्रसपाटीला तेच पाणी शंभरला उकळायला लागतं. त्या झाकणात एक छोटी उलटी झडपही असते. गरम असताना बाजूच्या बाटलीत गेलेलं कूलंट इंजिन गार होताना ती परत आत ओढू देते. रात्री बाटलीच्या पातळीवर मार्करनं खूण करा, सकाळी बघा. गरम असताना पातळी वर गेली आणि गार झाल्यावर खाली आलीच नाही, तर झाकण किंवा बाटलीकडं जाणारी नळी संशयित. दोन्ही स्वस्त वस्तू आहेत, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही. गरम इंजिनावर झाकण उघडायचं नाही, हे इथं कुणाला सांगायला नको. तरी सांगतो.

हेड गॅसकेटचं, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचं, नाव मात्र घाईनं घेऊ नये. ऑइलच्या बुचाखाली पिवळट लोण्यासारखा थर दिसला की लोक घाबरतात. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांच्या बुचाखाली तो दिसतोच. इंजिन पुरेसं तापत नाही आणि आतली वाफ तिथं जमते. एकदा तासभर हायवेला फिरवून आणा, पुसा आणि पुन्हा बघा. डिपस्टिकवर तसाच दुधट रंग असेल, बाहेर कुठं गळती नसताना कूलंट कमी होत असेल, गार इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर बुडबुडे थांबतच नसतील, तर मात्र हेड उघडायची तयारी करा.

आता थर्मोस्टॅटबद्दल. गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळतं: "साहेब, आपल्याकडं थंडी कुठंय? व्हॉल्व्ह काढून टाकू." हा सल्ला मूर्खपणाचा नव्हता, पण तो जुना आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी बनणारी प्रीमियर पद्मिनी डोळ्यासमोर आणा: १०८९ सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट. कानानं टायमिंग लावणाऱ्या, प्लगच्या रंगावरून मिक्श्चर ओळखणाऱ्या फिटरांची एक पिढी त्या गाडीवर तयार झाली. माझा त्यांच्याबद्दलचा आदर आजही तसाच आहे. त्या गाडीत व्हॉल्व्ह काढला तर इंजिन थोडं गार चालायचं, मायलेज थोडं पडायचं, आणि त्याचा हिशोब ठेवणारं गाडीत कुणी नव्हतं.

आजच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, बसलाय. तो कूलंटचं तापमान सतत वाचत असतो. ते ऐंशी-पंचाऐंशीला पोचलंच नाही तर त्याला वाटतं, इंजिन अजून थंडच आहे. तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, काही गाड्यांत डॅशबोर्डवर दिवा लावतो आणि पी०१२८ हा बिघाडाचा कोड नोंदवतो. शिवाय काही इंजिनांत हाच व्हॉल्व्ह उघडताना बायपासचा रस्ता बंद करत असतो. तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनातच फिरतं. म्हणजे गार करायला काढलेल्या व्हॉल्व्हमुळे घाटात गाडी जास्तच तापू शकते. सल्ल्यालासुद्धा मॉडेल इयर असतं, एवढं लक्षात ठेवा. शंका असेल तर काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात दोऱ्यानं लटकवून पाणी तापवा, शेजारी थर्मामीटर धरा. उघडायला सुरुवात किती अंशांना व्हावी, तो आकडा बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो.

कोडचा विषय निघालाच आहे, तर त्यावरही बोलतो. हे कोड वाचणारं ब्लूटूथचं ओबीडी यंत्र हल्ली सगळ्यांच्या खिशात असतं. त्यात पी०१७१ दिसलं की लोक ऑक्सिजन सेन्सर मागवतात. तो कोड 'मिश्रणात हवा जास्त आहे' एवढंच सांगतो. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकच्या मागची रबरी नळी चिरली तरी तोच कोड येतो, आणि ती बऱ्याचदा हातानं चाचपून सापडते. सेन्सर ही बातमी आणणारा आहे, त्याला फाशी देऊ नका.

सेल्फ मारला की नुसती कटकट होते, ही दुसरी लोकप्रिय तक्रार. लगेच बॅटरी बदलली जाते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. गाडी सुरू झाल्यावर तो आकडा पावणेचौदा ते साडेचौदाच्या आसपास हवा. नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा, नाहीतर नवी बॅटरीही महिन्याभरात बसेल.

हे आकडे ठीक असूनही कटकट होत असेल, तर पुढची चाचणी करा. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलच्या शिशाच्या खुंटावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. या दोन टोकांत अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनाला जोडणारी) सडली आहे, बॅटरी निर्दोष. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे फार. खाऱ्या हवेनं पट्टी आतून हिरवी पडते, वरून मात्र धडधाकट दिसते. दोन्ही टोकं सोडा, पॉलिश पेपरनं धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. तारांचेच पदर तुटले असतील तर पट्टी नवी घाला.

घरी काय करू नये, ते थोडक्यात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. स्टँड लावा, चाकामागं दगड लावा. एअरबॅगची पिवळी कनेक्टरं आणि हायब्रिडच्या नारिंगी केबली आपल्या नाहीत. सस्पेन्शनची स्प्रिंग दाबायचं काम उत्साहात करायचं नसतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ नवं असताना त्याचा उकळबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओल शिरल्यावर हीच किमान पातळी १५५ धरतात, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदला. पण ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं, कधी केलं नसेल तर पहिल्यांदा जाणत्या माणसाला शेजारी उभं करून करा. काढलेलं इंजिन ऑइल गटारात ओतणाऱ्याला मी गाडीप्रेमी म्हणत नाही. डब्यात भरून गॅरेजला नेऊन द्या, तिथून ते गोळा करणारे घेऊन जातात.

मघाशी कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे: वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुन्या गाडीचं काय होणार? इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे मायलेज थोडं पडणार. ती चिंता दुय्यम आहे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील या मिश्रणासाठी बनवलेल्या नसतात. बोनेट उघडा, गार इंजिनावर इंधनाची नळी दोन बोटांत वाकवून बघा. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, किंवा नळी फुगून मऊ पडली असेल, तर ती बदला. नवी घेताना दुकानदाराला "इंजेक्शनची, इथेनॉल चालणारी" असं स्पष्ट सांगा, कार्ब्युरेटरच्या गाडीची साधी नळी इंजेक्शनच्या लाइनमधला दाब सोसत नाही. काम सुरू करण्याआधी लाइनमधला दाब उतरवून घ्या, कसा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा, क्लॅम्पही नवे घाला. सगळं बसवून झाल्यावर लगेच सेल्फ मारू नका. नुसती चावी फिरवा. बहुतेक गाड्यांत पंप एक-दोन सेकंद चालून थांबतो. असं दोन-तीनदा करा आणि टॉर्च घेऊन जोडाजवळ बघा. ओल दिसली तर चावी काढा, दाब पुन्हा उतरवा आणि क्लॅम्प सोडून नळी परत बसवा.