कागदांची हकिगत एकच हवी

नमस्कार श्रोतेहो.

युरोपात थोड्या दिवसांसाठी जायचं ठरलं, की घरात पहिली चर्चा होते ती विमानाच्या तिकिटाची. मी म्हणेन, आधी पासपोर्ट हातात घ्या. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, तो गेल्या 10 वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेपुढे किमान 3 महिने चालणारा हवा आणि त्यात निदान दोन पानं कोरी हवीत. व्हिसा 29 देशांत चालतो, पण अर्ज करायचा तो ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच्याकडे. मुक्काम सारखेच असतील, तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे.

आता फाइल. अर्ज तपासणारा अधिकारी बहुधा तुम्हाला भेटतही नाही. त्याच्यापुढे असतात फक्त कागद. एका आजींची फाइल मी चाळत होतो. लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या. लेकीच्या निमंत्रणपत्रात मुक्काम 3 ते 28 मे, परतीचं आरक्षण 28 चंच आणि विमा संपत होता 26 तारखेला! विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, तेवढा होता; पण तो मुक्कामाचे सगळे दिवस झाकणाराही असावा लागतो. आजींनी रक्कम नीट बघितली होती, तारीख राहून गेली. म्हणून फाइल देण्याच्या आदल्या रात्री सगळे कागद टेबलावर पसरा आणि बोट ठेवून तारखा जुळवा. रजेचं पत्र, आरक्षणं, विमा, अर्ज. नावाचं स्पेलिंगही पासपोर्टवर आहे अगदी तसंच हवं.

बँक स्टेटमेंटचंही तसंच. अर्जाच्या तोंडावर खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली, तर प्रश्न पडणारच. जमीन विकली असेल, ठेव मोडली असेल, तर कव्हर लेटरमध्ये तसं सरळ लिहा आणि पुरावा जोडा. उसने पैसे फिरवून खातं फुगवू नका, खोटा कागद तर चुकूनही जोडू नका. त्या एका कागदापायी बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून देता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. निर्णय साधारण 15 दिवसांत होतो, पण अधिक तपासणी लागली तर 45 दिवसही जातात. तेव्हा काठावर थांबू नका. मोठ्यांची फी 90 युरो, व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. नकार आलाच, तर कारणं लेखी मिळतात आणि अपील करता येतं. ती कारणं वाचल्याशिवाय तीच फाइल पुन्हा देऊ नका.

आणि व्हिसा हातात आला, तरी सगळ्या कागदांच्या झेरॉक्स हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या सामानात नको. विमानतळावर उतरल्यावर सीमेवरचा अधिकारी कुठे राहणार, परत कधी जाणार, हे पुन्हा विचारू शकतो, आणि सामान तोवर हाती आलेलं नसतं.