एका पायावर दहा सेकंद

मागे ऐकू येतंय ना? बरं. आत्ता माझी ओळख करून देताना 'पोश्चर' हा शब्द उच्चारला गेला आणि पुढच्या रांगेतले चार-पाच जण एकदम ताठ झाले, मी बघितलं हां इथून. आणि मी माईक हातात घेईपर्यंत त्यातले तिघं परत खुर्चीत विरघळले सुद्धा. हसू नका, लाजू पण नका, कारण मला आज हेच बोलायचंय. ताठ बसणं हे जर जोर लावून करायचं काम असेल तर ते दोन मिनिटांच्या वर कोणालाही जमत नाही. मलाही नाही, आणि मी गेली कितीतरी वर्षं योगोपचारात हेच शिकवतोय.

लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पोक काढू नकोस, ताठ बस. मग आपण काय करायचो, छाती पुढे, खांदे मागे, पोट आत, आणि श्वास बंद! कवायतीतलं सावधान. कंबरेतून शरीर मागे ओढून धरायचं आणि सांगणारा वळला की सोडून द्यायचं. तेच आपण मोठेपणी ऑफिसच्या खुर्चीत करतो, फक्त सांगणारा आता आपल्याच डोक्यात बसलेला असतो.

मुळात पाठीचा कणा सरळ नसतोच हो. ३३ मणके, मानेचे ७, छातीच्या मागचे १२, कंबरेचे ५, आणि खालचे एकमेकांना जोडलेले. मान आतल्या बाजूला वळलेली, छातीमागे बाहेर, कंबर परत आत, असा त्याला बाक असतो आणि तो असायलाच हवा, त्या बाकामुळेच तो स्प्रिंगसारखा भार झेलतो. आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, ते खांद्यांच्या बरोबर वर असलं की मानेला विशेष काही करावं लागत नाही, पुढे गेलं की मागचे स्नायू त्याला दिवसभर दोरी धरल्यासारखं धरून ठेवतात. तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फोटो पाहिला असेल तुम्ही, मोबाईल बघताना मान ६० अंश वाकली की मानेवर २७ किलो भार येतो म्हणून. तो आकडा २०१४ सालच्या एका कॉम्प्युटर मॉडेलमधला आहे. चुकीचा आहे असं नाही म्हणत मी, पण त्याने घाबरून जायची गरज नाही, मान वाकण्यासाठीच केलेली आहे. अगदी वाकड्या-तिकड्या बसणाऱ्या कितीतरी लोकांची पाठ दुखत नाही आणि काठीसारखे ताठ असणारे काही जण पाठ धरून माझ्याकडे येतात, हे मी रोज बघतो. त्रास वाकण्याचा नसतो, तीन-तीन तास त्याच जागी वाकून राहण्याचा असतो. मणक्यांमधल्या गाद्या असतात ना, मोठ्या माणसात त्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, दाबल्या गेल्या की पाणी बाहेर, सोडल्या की आत, ओल्या स्पंजसारखं, त्यावर त्यांचं पोषण चालतं. हललोच नाही तर बिचाऱ्या उपाशी.

एक गंमत करू. दोन्ही हात तळवे वर करून कुल्ल्यांखाली सरकवा. हो, सगळ्यांनी, कोणी बघत नाहीये. दोन टणक हाडं लागतायत का? ती बसायची हाडं. आता हळूच शेपटाकडे लोळा, म्हणजे कंबर गोल करा. हाडं बोटांकडून मनगटाकडे, नाहीतर उलट, काहीतरी सरकल्यासारखं वाटेल. आणि डोकं कुठे गेलं बघा! पुढे आलं की नाही? आता उलट, हाडांच्या टोकावर या. डोकं आपोआप मागे गेलं, खांद्यांना कोणी काही सांगितलं नाही, मानेला तर हातही लावला नाही. आणखी चार-पाचदा करा. तर मान दुखते म्हणून मानेचे व्यायाम विचारायला येणाऱ्यांना मी आधी हे करायला लावतो आणि बरेच जण नाराज होतात, कारण त्यांना एखादं भारी आसन हवं असतं.

इथेच योगाचा क्लास आणि योगोपचार यातला फरक येतो. क्लासमध्ये आसन ठरलेलं असतं आणि माणूस त्यात बसवायचा असतो. उपचारात माणूस समोर असतो आणि आसन त्याच्या मापाचं कापून घ्यायचं असतं. ही कल्पना काही आजची नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं तेव्हा ते एक्स-रे आणि दाब मोजायची यंत्रं घेऊन उड्डियान, नौली या पोटाच्या क्रिया करताना शरीरात काय होतं ते तपासत होते, श्रद्धा आहे म्हणून मान्य करा असं म्हणत नव्हते. नंतर योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, ठोकळे, दोऱ्या, खुर्च्या आणल्या, ज्याचा हात जमिनीपर्यंत पोचत नाही त्याच्यासाठी जमीनच वर आणली. आजही कोणी भिंतीचा किंवा खुर्चीचा आधार घ्यायला सांगितला की लोकांना कमीपणा वाटतो. अहो, योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांत केली, स्थिरसुखमासनम्, म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन. त्यात हात पायाच्या अंगठ्याला लागला पाहिजे असं कुठे आहे?

मला हे समजलं ते मार खाऊन. विशीत होतो, पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकायचं आसन, करत होतो, आणि शिकवणाऱ्यांनी मागून पाठीवर सगळं वजन टाकून मला खाली दाबलं. कपाळ गुडघ्याला टेकलं, सगळ्यांनी वा वा केलं, मलाही भारी वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याच बसायच्या हाडापाशी, जिथे मांडीच्या मागचा स्नायू चिकटतो तिथे, सुई टोचल्यासारखं दुखायला लागलं आणि पुढचे आठ महिने मला दहा मिनिटं सलग बसता येत नव्हतं. तेव्हापासून मी कोणाला ढकलत नाही, आणि तुम्हाला कोणी ढकललं तर सरळ नको म्हणा.

बरं, आता तोल. हा मला पोश्चरपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो आणि याच्याकडे पडेपर्यंत कोणाचं लक्ष नसतं. पडण्यामुळे जगात दरवर्षी अंदाजे ६,८४,००० लोक जातात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून बातम्या येतात. डोळे सांगतात समोर काय आहे, आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या सांगतात डोकं कुठे वळलं, आणि तळपाय, घोटे, सांधे, स्नायू सांगतात की खाली काय चाललंय. वय वाढलं, किंवा सतत जाड सोलचे बूट घालून सपाट फरशीवरच चाललो की ही तिसरी बातमी अंधुक होत जाते आणि मग सगळा भार डोळ्यांवर. म्हणून रात्री लाईट गेले की धडपडतो आपण. खात्री करायची असेल तर घरी, कोपऱ्यात, दोन्हीकडे भिंत हाताशी ठेवून एका पायावर उभे राहा आणि मग डोळे मिटा. उघड्या डोळ्यांनी अर्धा मिनिट उभं राहणारा माणूस मिटल्यावर चार सेकंदात भिंत पकडतो.

२०२२ मध्ये एक अभ्यास आला होता, ५१ ते ७५ वयाच्या १,७०० लोकांना एका पायावर १० सेकंद उभं राहायला सांगितलं, साधारण पाचातल्या एकाला जमलं नाही, आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या सातेक वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. आता याचा अर्थ पाय खाली टेकला म्हणून माणूस जातो असा नाही, ज्याची तब्येत आधीच ढासळलीये त्याचाच तोल जातो हेही त्यात आलं. पण आरसा म्हणून ही दहा सेकंद वाईट नाहीत.

आणि उभे राहाल तेव्हा घोट्याकडे बघा. तो सतत थरथरतो, आत, बाहेर, आत, बाहेर. एका पायावर उभं राहून दुसरं पाऊल मांडीला टेकवायचं ते वृक्षासन. लोक म्हणतात सर माझा पाय हलतोय, मला वृक्षासन जमत नाही. अरे, तेच तर वृक्षासन आहे! तोल म्हणजे दगडासारखं उभं राहणं नव्हेच, तोल म्हणजे दर क्षणाला थोडंसं पडणं आणि थोडंसं सावरणं. पोश्चरचंही तसंच, ते पकडून ठेवायचं नसतं, सुटलं की परत यायची वाट माहीत असली की झालं.

माझ्याकडे एक आजी यायच्या, सत्तरी ओलांडलेल्या. एकदा पडल्या होत्या, हाड मोडलं नव्हतं पण भीती बसली होती. चालताना नजर सतत पायाकडे, हात फर्निचरवर, पावलं छोटी छोटी. भीतीने माणूस हालचाल कमी करतो, कमी केली की पाय अशक्त होतात, मग पडायची शक्यता खरंच वाढते, असं ते चक्र असतं. पहिले दोन आठवडे आम्ही आसन असं काही केलंच नाही. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून सरळ उभं राहायचं, तळपायाचं वजन टाचेवर आहे की बोटांवर ते नुसतं ओळखायचं. मग पायाची बोटं उचलून पसरून परत ठेवणं, मग खुर्चीतून हात न टेकवता उठणं, आणि याच उठण्यात खरं पाणी जोखलं जातं, मांड्या लगेच सांगतात काय ते. मग भिंतीच्या कोपऱ्यात उभं राहून वृक्षासन, पण दुसऱ्या पायाचा अंगठा जमिनीला टेकलेलाच. श्वास चालू ठेवायचा, कारण घाबरलं की श्वास अडकतो आणि छाती दगड होते, आणि दगड सावरू शकत नाही, तो सरळ पडतो. तीनेक महिन्यांनी त्या आल्या आणि म्हणाल्या, आज सँडलचा पट्टा उभ्याने लावला. बास. त्यांचा पाय मांडीपर्यंत कधीच गेला नाही, घोट्याच्या वर सरकलाच नाही, आणि त्याची आम्हा दोघांनाही काही पडलेली नव्हती.

श्वासाचं एवढंच सांगतो, पोक काढून बसलं की बरगड्यांना आणि श्वासपटलाला हलायला जागा उरत नाही, श्वास वरच्या वर चालतो. जागा करून दिली आणि मिनिटाला सहाच्या आसपास असा सावकाश, सोडताना लांबवलेला श्वास पाच मिनिटं घेतला की नाडी शांत होते, झोपेला मदत होते. पण सगळे आजार बरे होतात वगैरे म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. जुनाट कंबरदुखीसाठी औषधाआधी करून बघायच्या गोष्टींमध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये योगाचं नाव घेतलं, तेवढं पक्कं आहे. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. हाडं ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून खोल पुढे वाकायचं नाही, मणका दबून मोडू शकतो. काचबिंदू असेल तर शीर्षासनासारखं डोकं खाली करायचं नाही, डोळ्यातला दाब वाढतो. बीपी चढं असेल तर डोकं खाली करणंही नको आणि श्वास रोखून धरणंही नको. गरगरत असेल, पाय बधिर होत असतील, पाठदुखीबरोबर लघवीवरचा ताबा जात असेल तर योग नको, आधी डॉक्टर. शेवटचं लक्षण असेल तर त्याच दिवशी.

एक चिठ्ठी आली आहे, रोज किती वेळ करायचं. वेगळा वेळ काढता आला तर पंधरा-वीस मिनिटं छान, नाही काढता आला तर दात घासताना एक पाय उचला, एक हात बेसिनवर असू दे, अर्ध्या वेळाने पाय बदला. आणि दर अर्ध्या तासाने बसायच्या हाडांवर एकदा पुढे-मागे लोळा.

चला, थांबतो. आता उठताना कोणी हात टेकवायचे नाहीत. ज्यांचे गुडघे दुखतायत त्यांनी खुशाल टेकवा. बाकीच्यांनी पावलं थोडी मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या वर आणा, श्वास सोडा आणि उठा. मी इथून बघतोय.