लाल कोटाचा मान कोणाला?

(दृश्य: रात्रीचं बुश स्टेडियम. लाल टोप्यांनी भरलेली गॅलरी. गलका हळूहळू दबत जातो.)

२७ ऑक्टोबर २०११. अमेरिकेतलं सेंट लुईस. बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. चार जिंकेल तो जगज्जेता. टेक्सास रेंजर्स मालिकेत ३-२ ने पुढे आहेत आणि आजही ७-५ ने पुढे आहेत. नववी, म्हणजे शेवटची इनिंग. सेंट लुईस कार्डिनल्सचे दोन गडी बाद झालेत. तिसरा गेला की खेळ आटोपला. बॅट हातात घेऊन उभा आहे डेव्हिड फ्रीस. त्याच्यावरही दोन स्ट्राइक झालेत. आता फक्त एक चेंडू चुकायचा बाकी आहे.

नेफ्ताली फेलिझचा वेगवान चेंडू येतो. फ्रीस तो उजवीकडे खोल मारतो. नेल्सन क्रूझ उलटा पळत जातो, हात वर करतो आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जाऊन भिंतीवर आदळतो. बेसवरचे दोघं धावत घरी, म्हणजे होम प्लेटवर पोचतात. फ्रीस तिसऱ्या बेसवर पोटावर घसरत येतो. ७-७.

दहाव्या इनिंगमध्ये टेक्सास पुन्हा दोन धावा पुढे जातं आणि कार्डिनल्स पुन्हा शेवटच्या स्ट्राइकवर असताना बरोबरी करतात. अकराव्या इनिंगचा पहिलाच बॅटर फ्रीस. तो चेंडू थेट सेंटर फील्डच्या भिंतीपलीकडच्या हिरवळीत टाकतो. १०-९. तो घरी पोचतो तेव्हा सोबतचे खेळाडू त्याच्या अंगावर तुटून पडतात आणि अंगातल्या जर्सीच्या चिंध्या करतात. दुसऱ्या दिवशी कार्डिनल्स सातवा सामना जिंकतात. क्लबचं अकरावं जगज्जेतेपद. फ्रीस मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू. आणि पोरगा याच गावच्या उपनगरात वाढलेला.

(दृश्य: बॉलपार्क व्हिलेजमधलं दालन. काचेच्या पेटीत ठेवलेला ग्लव्ह. त्याची घामाने काळवंडलेली कड.)

पुढची गोष्ट २०२३ ची. चाहत्यांनी मतं देऊन फ्रीसला कार्डिनल्सच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे क्लबच्या मानकऱ्यांच्या दालनात निवडून दिलं. नाव जाहीर झालं. काही आठवडे गेले आणि फ्रीसने कळवलं की हा मान मी घेणार नाही. त्याने चाहत्यांचे मनापासून आभार मानले. पण त्या वर्षांत आपण माणूस म्हणून कसे होतो, याचं ओझं मनावर आहे, असं त्याने सांगितलं. नैराश्याशी आणि दारूशी आपण कसे झुंजलो, हे तो २०१७ मध्येच उघडपणे बोलला होता.

सेंट लुईसमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. कुणाला वाईट वाटलं, कुणाचे डोळे भरून आले. कुणी म्हणालं, मत आम्ही दिलंय, लायक कोण ते आम्ही ठरवू. मला तेव्हापासून एक प्रश्न सोडत नाही. क्लबच्या दालनात नाव लागावं यासाठी नेमकं काय लागतं? कारण इथे हा वाद निवृत्त खेळाडूंपुरता थांबत नाही. जो आज खेळतोय, काल शून्यावर बाद झालाय आणि उद्या पुन्हा मैदानात उतरणार आहे, त्याच्या लाल कोटाबद्दलही, म्हणजे या दालनातल्या जागेबद्दलही लोक आत्ताच भांडत असतात.

आधी हे दालन काय आहे ते पाहू. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावचं हॉल ऑफ फेम साऱ्या बेसबॉलचं. तिथे जायला किमान दहा हंगाम खेळावं लागतं, निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं आणि बेसबॉल लेखकांपैकी ७५ टक्क्यांची मतं मिळवावी लागतात. त्याशिवाय बऱ्याच क्लबांची स्वतःची दालनं आहेत. सिनसिनाटी रेड्सचं तर १९५८ पासूनचं. कार्डिनल्सने आपलं दालन २०१४ मध्ये सुरू केलं, स्टेडियमच्या अगदी समोर. जाणकारांची समिती नावं पुढे ठेवते आणि मत चाहते देतात. ज्याची निवड होते त्याला लाल कोट मिळतो. हंगामाच्या पहिल्या घरच्या सामन्याला क्लाइड्सडेल जातीचे धिप्पाड घोडे मैदानाला फेरी मारतात आणि त्यांच्यापाठोपाठ हे लाल कोटवाले येतात. केस पिकलेले, कुणी जरा वाकलेले. अख्खं स्टेडियम उभं राहतं.

२०१४ मध्ये चाहत्यांनी पहिल्यांदा मत दिलं तेव्हा निवडून आलेल्यांत जिम एडमंड्स होता. सेंटर फील्डमध्ये पाठमोरा पळत, अंग झोकून देत झेल घेणारा. याच एडमंड्सला डिसेंबर २००७ मध्ये क्लबने सॅन दिएगोला दिलं होतं आणि बदल्यात एक अनोळखी पोरगा घेतला होता. तो पोरगा म्हणजे डेव्हिड फ्रीस.

कूपर्सटाउनच्या तराजूत जे बसत नाहीत, त्यांना इथे जागा मिळते. मार्क मॅग्वायरचंच बघा. १९९८ मध्ये त्याने ७० होमरन, म्हणजे चेंडू थेट भिंतीपलीकडे टाकणारे फटके मारले तेव्हा गाव वेडं झालं होतं. २०१० मध्ये त्याने स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. कूपर्सटाउनच्या लेखकांनी त्याला कधीच आत घेतलं नाही. सेंट लुईसच्या चाहत्यांनी मात्र २०१७ मध्ये घेतलं. याबाबत माझं मन आजही एका बाजूला झुकत नाही. त्या उन्हाळ्याचा आनंद खरा होता आणि फसवणूकही खरी होती.

कर्ट फ्लडबद्दल मात्र माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. बारा वर्षं कार्डिनल्सचा सेंटर फील्डर, क्षेत्ररक्षणासाठीचे सात गोल्ड ग्लव्ह किताब, १९६४ आणि १९६७ ची जेतेपदं. १९६९ मध्ये क्लबने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. फ्लड म्हणाला, मी विकायची वस्तू नाही. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ अशा निकालाने हरला. त्यात त्याची कारकीर्द गेली. पुढे खेळाडूंना आपला क्लब निवडायचा हक्क मिळाला, आज ते कोट्यवधी डॉलरचे करार करतात, त्या वाटेवर पहिलं पाऊल याचं होतं. कूपर्सटाउनच्या भिंतीवर तो अजून नाही. ज्या क्लबने त्याला परस्पर देऊन टाकलं, त्याच क्लबच्या दालनात चाहत्यांनी २०१५ मध्ये त्याचं नाव लावलं. तेव्हा त्याला जाऊन अठरा वर्षं झाली होती.

(दृश्य: दुपारची वेळ. स्टेडियमबाहेर स्टॅन म्युझियलचा पुतळा. त्याच्या सावलीत दोघं तावातावाने बोलतायत.)

हा पुतळा स्टॅन म्युझियलचा. ३,६३० हिट. त्यातले १,८१५ घरच्या मैदानावर आणि बरोब्बर १,८१५ बाहेर. बावीस हंगाम, सगळे एकाच क्लबसाठी. सेंट लुईसमध्ये कुणाची उंची मोजायची म्हटलं की ती या पुतळ्याशेजारी उभं करून मोजतात. खेळणाऱ्यांना हे जड जातं.

आजच्या वादातली दोन मोठी नावं, पॉल गोल्डश्मिट आणि नोलन अरेनाडो.

गोल्डश्मिट २०१९ मध्ये अॅरिझोनाहून आला आणि सहा हंगाम राहिला. २०२२ मध्ये ३५ होमरन, .३१७ ची सरासरी आणि नॅशनल लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू हा किताब. पहिल्या बेसवर तो असला की बाकीचे निर्धास्त फेकायचे. वेडावाकडा चेंडूही तो ग्लव्हमध्ये अलगद उचलून घ्यायचा. २०२५ मध्ये तो न्यूयॉर्क यांकीजच्या पट्ट्यापट्ट्यांच्या जर्सीत दिसला. आता एक बाजू म्हणते, सहा वर्षं आणि तो किताब, अजून काय पाहिजे? दुसरी बाजू विचारते, त्या सहा वर्षांत वर्ल्ड सिरीज कुठे आहे?

अरेनाडोचं आणखी अवघड. तिसऱ्या बेसवर त्याच्यासारखा खेळाडू या पिढीने पाहिला नाही. २०१३ ते २०२२ सलग दहा गोल्ड ग्लव्ह. पण त्यातले आठ कोलोरॅडोसाठी खेळताना मिळालेले. सेंट लुईसमध्ये त्याने पाऊल ठेवलं ते मात्र झोकात. ८ एप्रिल २०२१, घरच्या मैदानावरचा त्याचा पहिला सामना. आठव्या इनिंगपर्यंत बरोबरी आणि मग त्याचा दोन धावांचा होमरन. ३-१ ने विजय. स्टेडियमने त्याला त्याच क्षणी आपला म्हटलं.

मग आला ऑक्टोबर २०२२. फिलाडेल्फियाविरुद्ध प्लेऑफचा पहिला सामना. नवव्या इनिंगला कार्डिनल्स २-० ने पुढे. त्या एका इनिंगमध्ये फिलाडेल्फियाने सहा धावा काढल्या. दुसऱ्या दिवशी हंगाम संपला. गोल्डश्मिट आणि अरेनाडो, त्या वर्षी लीगच्या किताबाच्या मतदानात पहिला आणि तिसरा आलेले हे दोघं, त्या दोन दिवसांत गप्प राहिले. हे सेंट लुईस विसरत नाही.

माझं मत विचाराल तर गोल्डश्मिटचं नाव लागायला हवं. एका ऑक्टोबरसाठी सहा उन्हाळे पुसून टाकणं हा अन्याय आहे. अरेनाडोच्या बाबतीत माझा हात थबकतो. तो कूपर्सटाउनला जाईल असं मला वाटतं आणि तरीही त्याची मुळं डेन्व्हरच्या, म्हणजे कोलोरॅडो क्लबच्या गावच्या मातीत आहेत. मोठा खेळाडू आणि आपला खेळाडू, हे दोन वेगळे हिशेब आहेत. गाव दुसरा हिशेब जास्त जपून ठेवतं.

तो हिशेब कसा असतो ते २२ जून २०१९ ला दिसलं. अल्बर्ट पुहोल्स अकरा वर्षं कार्डिनल्सकडून खेळून २०११ नंतर एंजल्स या क्लबकडे गेला होता. दहा वर्षांचा, २४ कोटी डॉलरचा करार. गाव दुखावलं होतं. साडेसात वर्षांनी तो पाहुण्या संघाचा म्हणून बुश स्टेडियमवर खेळायला आला आणि त्या दिवशी त्याने कार्डिनल्सविरुद्ध होमरन मारला. प्रतिस्पर्ध्याने मारलेला होमरन. स्टेडियम उठून उभं राहिलं आणि टाळ्या थांबेनात. शेवटी त्याला डगआउटमधून बाहेर येऊन मान लववावी लागली. तो अजून खेळत होता, तेही दुसऱ्याकडून. पण त्याच्या लाल कोटाचा निकाल त्या टाळ्यांनीच लावून टाकला. २०२२ मध्ये तो परत आला, ७०० होमरन पार करून ७०३ वर थांबला.

यादिएर मोलिना आणि अॅडम वेनराइट यांच्यावर तर कधी वादच झाला नाही. एक प्लेटमागे बसून चेंडू झेलणारा कॅचर, एक चेंडू टाकणारा पिचर. दोघांनी मिळून ३२८ सामने सुरू केले. मोठ्या लीगच्या इतिहासात असं दुसऱ्या कुठल्याच जोडीने केलेलं नाही. मोलिना गुडघ्यांवर बसून दोन मांड्यांच्या मधे बोटांनी खूण करायचा, वेनराइट मान हलवायचा आणि तो हळू, वळसा घेत खाली येणारा चेंडू सुटायचा. उमेदीतली सगळी वर्षं त्यांनी या एका खुणेवर घालवली. २०२३ हा वेनराइटचा शेवटचा हंगाम. हात संपला होता, त्या हंगामात त्याने नऊ इनिंगमागे सरासरी ७.४० धावा दिल्या आणि कारकिर्दीतला २०० वा विजय काही केल्या मिळत नव्हता. १८ सप्टेंबरला मिलवॉकीविरुद्ध त्याने सात इनिंग एकही धाव दिली नाही. १-० ने विजय. २०० पूर्ण. त्यानंतर त्याने पुन्हा चेंडू टाकला नाही.

अशी माणसं डोळ्यांसमोर असताना लोक विचारतात, थांबायचं कशाला? खेळत असतानाच द्या की मान. आपल्याकडे तसं झालंय. १६ मे २०२५ ला वानखेडेवर रोहित शर्माच्या नावाच्या स्टँडचं अनावरण झालं आणि थोड्याच दिवसांत रोहित त्याच मैदानावर आयपीएलच्या सामन्यात सलामीला उतरला. आईवडिलांसमोर, ज्या मैदानात शिरायला मिळावं म्हणून लहानपणी धडपडला तिथेच आपलं नाव पाहणं. ते सुख त्याला भर उमेदीत मिळालं याचा मला आनंद आहे. कार्डिनल्सचा नियम मात्र निवृत्तीनंतर तीन वर्षं थांबायला लावतो. हेही मला पटतं. शेवटच्या हंगामातल्या टाळ्या मोठ्या असतात आणि शेवटच्या हंगामातला रागही मोठा असतो. दोन्ही जरा निवायला हवेत.

याच मिझुरी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कॅन्सस सिटीत, थांबण्याचा हा प्रश्न सल्वाडोर पेरेझबद्दल विचारून पाहा. लोक तुमच्याकडे बघतच राहतील. २०११ पासून रॉयल्सचा कॅचर, २०१५ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू, नंतर संघाचा कर्णधार. संघ एका हंगामात १०६ सामने हरला तेव्हाही तो गुडघे टेकून प्लेटमागे बसला होता. तिथे वाद फक्त त्याच्या पुतळ्याची पोझ कशी असावी एवढाच उरलाय.

(दृश्य: सकाळ. रिकामं बुश स्टेडियम. सेंटर फील्डच्या भिंतीमागचा हिरवा उतार.)

फ्रीस पाचच हंगाम इथे खेळला. आकडे मांडले तर गोल्डश्मिट त्याच्या कितीतरी पुढे. फ्रीसने नको म्हटलं त्याचा मला आदर वाटतो, कारण मान मिळतोय म्हणून स्वतःला फसवायला तो तयार झाला नाही. पण गावानेही आपलं मत मागे घेतलेलं नाही. सामन्याला आलेला बाप अजूनही पोराला खांद्यावर घेतो आणि भिंतीपलीकडच्या त्या हिरवळीकडे बोट दाखवून सांगतो, तिथे पडला होता चेंडू.

मग शेजारच्या खुर्चीतून कुणीतरी म्हणतं, ठीक आहे, गोल्डश्मिटचा असा एक चेंडू सांग.

दोन रांगा मागून लगेच उत्तर येतं. २३ मे २०२२. टोरंटोविरुद्ध. दहावी इनिंग, तिन्ही बेस भरलेले.