सोळा टोकांची टोपली

श्रोतेहो, नमस्कार. धानाची कापणी आटोपली, आता चुरणं झालं की घरोघरी सुपं, टोपल्या, ढोल्या बाहेर निघतील. आज त्यातल्या टोपलीबद्दलच बोलायचं आहे. म्हणजे विषय कागदावर 'पारंपरिक कारागिरी आणि शालेय शिक्षण' असा लिहून दिलाय, पण माझ्यासाठी तो एका टोपलीचाच विषय आहे.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलकाठच्या एका गावात होतो तेव्हाची गोष्ट. सहावीला कोन शिकवायचे होते. गावात बुरुडाचं काम करणारी एक आजी होती, तिला वर्गात बोलावलं. माझी तयारी जय्यत. बांबूच्या आठ कामट्या मधोमध एकमेकींवर ठेवल्या की टोकं सोळा. वर्तुळाचे सोळा भाग, तीनशे साठला सोळानं भागलं की साडेबावीस अंश. रात्री जागून तक्ता रंगवला होता. लाल, निळा, सगळे रंग.

आजी आली, फळ्याखाली बसली. मानवेल बांबूच्या कामट्या भिजवून आणल्या होत्या. आठ कामट्यांचं बूड तिनं बघता बघता बांधलं. मी म्हटलं, मोजा पोरांनो. पोरं ओरडली, सोळा! मी तक्त्याकडे हात केला, तेवढ्यात आजीनं कोयता उचलला आणि एक टोक उभं चिरून त्याची दोन केली.

"आजी, काय केलं हे? सोळा पाहिजेत मला!"

"सोळाची टोपली होत नाही, गुरुजी."

"काहून होत नाही?"

"तुमीच इणून पाहा ना बाप्पा."

तिनं दुसरं बूड बांधून दिलं, सोळा टोकांचं. बसलो मांडी घालून. पट्टी एका टोकावरून, दुसऱ्याखालून, पुन्हा वरून, पुन्हा खालून. पहिला फेरा छान झाला. दुसऱ्या फेऱ्याला पाहतो तर पट्टी पुन्हा त्याच टोकावरून चाललेली! तिसऱ्यालाही तेच. पाच फेरे झाले आणि मागच्या बाकावरच्या एका पोरानं येऊन पट्टी नुसती वर ओढली, तर हातातल्या बांगड्या निघाव्यात तशी माझी सगळी विणाई निघून आली. वर्ग हसून लोळायला लागला. आजी तोंडाला पदर लावून हसत होती.

मग तिनं तिची सतरा टोकांची पुढे घेतली. पहिल्या फेऱ्यात पट्टी ज्या टोकावरून गेली, दुसऱ्या फेऱ्यात आपोआप त्याच्याच खालून. वीण घट्ट. म्हणजे एकच पट्टी गोल फिरवायची असेल तर टोकं विषम हवीत. पुन्हा सांगतो, विषम. सम असली की वीण अडकतच नाही. आणि आरपार कामट्या कितीही घ्या, प्रत्येकीची टोकं दोन, म्हणून बेरीज कायम सम. तो घोळ सोडवायला कोयत्याचा एक घाव. ही बाई शाळेची पायरी चढलेली नव्हती.

कोन राहिले बाजूला. दुसऱ्या दिवशी पोरांनी खराट्याच्या काड्या चिखलाच्या गोळ्यात खोचल्या, भोवती सुतळी फिरवली. पाच काड्या जमतं. सहा काड्या नाही. सात जमतं. तिसऱ्या दिवशी एक मुलगी सहा काड्यांचा गोळा घेऊन आली, वीण पक्की! मी म्हटलं, हे कसं? म्हणाली, "गुरुजी, मी दोन सुतळ्या घेतल्या. एक जिथून वर जाते, तिथून दुसरी खाली." हे मी शिकवलं नव्हतं, आजीनंही नाही. संध्याकाळी तो गोळा आजीला दाखवायला नेला. तिनं हातात घेऊन फिरवला, म्हणाली, "हो, दोन पट्ट्यांनी होते. पोरगी हुशार हाय."

हे काही नवं नाही हो. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या वर्ध्यालाच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं हस्तोद्योगाभोवती अख्खा अभ्यासक्रम रचला. सूत कातताना हिशेब आपसूक यायचा: चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. सांगा बरं गुंडीत किती फूट? आता २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस आहेत, सुतार, कुंभार अशा कारागिरांकडे शिकायचे. चांगलंच आहे. फक्त ते शनिवारच्या कागदकामासारखं होऊ नये. टोपली गणिताच्या तासाला आली पाहिजे, गणिताच्या तासाला.

आणि बांबूचं निघालंच आहे तर सांगतो, बांबू हे गवत. गवत! पण १९२७ च्या वन कायद्यानं त्याला झाड ठरवलं, ते २०१७ पर्यंत. तेव्हाही दुरुस्ती झाली ती जंगलाबाहेरच्या बांबूपुरतीच. नव्वद वर्षं, श्रोतेहो. आमच्या तिसरीच्या पोराला विचारलं असतं तर लवकर आटोपलं असतं.

दुसरं, त्या शाल-श्रीफळाचं. त्या दिवशी आम्ही आजीला शाल दिली, नारळ दिला. एप्रिल महिना, बेचाळीस अंश. तिनं शालीची घडी तशीच मांडीवर ठेवली आणि हळूच विचारलं, "गुरुजी, आजची रोजी बुडाली माही, थे कोन देईन?" मी गप्प. शाळेच्या खर्चात 'कारागिराचं मानधन' असा रकानाच नव्हता. शेवटी 'साहित्य खरेदी'त चार टोपल्या दाखवल्या आणि तिला पैसे दिले. टोपल्या तिनं खरंच आणून दिल्या, चारही सतरा टोकांच्या. तीन शाळेत राहिल्या. चौथीचे पैसे मी भरले, ती आमच्या स्वयंपाकघरात आहे, कांद्यांची. बायको म्हणते, कांदे काढायला गेलात की टोकं काय मोजत बसता.

वेळ संपली. नमस्कार.