सोनेगावच्या कुंपणापलीकडचं डॉर्निअर

(सकाळ. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची धावपट्टी. दूरवरून उतरत येणारं विमान.)

पंख डोक्यावर, चाकं पोटाशी, नाक लांबुळकं. हे डॉर्निअर 228, दोन पंख्यांचं छोटं विमान. नागपूरकरांना विमानांचं काय ते कौतुक! अर्ध्या देशाची विमानं आपल्याच डोक्यावरून जातात. पण हे उतरायला लागलं की कुंपणाबाहेर तर्री-पोहे खाणारा माणूस प्लेट हातात धरून मान वर करतो.

(थांबलेलं विमान. पंख्याचं जवळून दृश्य.)

इथं जरा रेंगाळू. हे दृश्य मिळायला आमच्या दोन सकाळी गेल्यात.

पाती बघा. समोरून रुंद, पसरट दिसतात. बऱ्याच टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइननं पंखा फिरवणाऱ्या विमानांची पाती उभ्या विमानावर कड पुढे करून असतात, सुरीच्या धारेसारखी. इथं तसं चालत नाही. या इंजिनात टर्बाइन आणि पंखा गिअरनं थेट एकमेकांना बांधलेले. सुरू करायचं तर दोन्ही एकदमच फिरवावे लागतात. त्या वेळी पात्यांनी हवा ओढायला सुरुवात केली तर स्टार्टरचा दम निघेल. म्हणून इंजिन बंद करतानाच वैमानिक पाती सपाट करून अडकवून ठेवतो.

(पंखा फिरू लागतो.)

आत टर्बाइन मिनिटाला सुमारे 41 हजार फेरे घेते. गिअरमधून पंख्यापर्यंत येता येता त्यातले जेमतेम 1600 उरतात. बाकीचं सगळं जोरात रूपांतरित होतं, आणि थोडं आपल्या कानात. "किती आवाज करते बे हे!" हे वाक्य आमच्या माइकमध्ये आलं. आम्ही ते कापलं नाही.

(आतलं दृश्य. मधली वाट, दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची.)

एकोणीस जागा. प्रत्येकाला खिडकी आणि प्रत्येकाला वाटही. मूळ आराखडा जर्मन. 1983 मध्ये एचएएलनं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं, परवाना घेतला आणि कानपूरला बांधणी सुरू झाली. वायुसेनेची देखभाल-दुरुस्ती बघणारी मेंटेनन्स कमांडही 1955 मध्ये कानपूरलाच उभी राहिली होती. तिचं मुख्यालय आता आपल्या वायुसेनानगरात आहे.

(वेगवेगळ्या रंगांतली डॉर्निअर, एकापाठोपाठ एक.)

सांगाडा एकच, धनी अनेक. वायुसेनेत हे माणसं-सामान वाहतं आणि मालवाहू विमानांच्या नव्या वैमानिकांना शिकवतंही. तटरक्षक दलानं त्याच्या पोटाखाली रडार लावून किनारा राखायला दिलं. नौदलातही तेच काम. 2022 च्या ऑगस्टमध्ये पोरबंदरहून पाच महिला अधिकाऱ्यांनी यातूनच समुद्री टेहळणीची मोहीम केली. मॉरिशस आणि सेशेल्सचे किनारेही हेच विमान बघतं. 2015 मध्ये नौदलाचं एक आणि तटरक्षक दलाचं एक, अशी दोन डॉर्निअर समुद्रात गेली, माणसं गेली.

(जुनं छायाचित्र: वायुदूत.)

आणि नागरी बाजू? 1981 मध्ये सुरू झालेल्या वायुदूत या सरकारी विमान कंपनीनं छोट्या गावांसाठी डॉर्निअर उडवलं. पुढे वायुदूत गेली. मग 12 एप्रिल 2022 ला अलायन्स एअर या कंपनीचं सतरा आसनी डॉर्निअर आसामातल्या दिब्रुगडहून अरुणाचलातल्या पासीघाटला गेलं. मधली वर्षं मुख्यतः गणवेशवाल्यांनी हे विमान हवेत ठेवलं. त्यांना धावपट्टीच्या शेवटी तिकीट खिडकी लागत नाही, एवढाच फरक.

(रात्र. टपालाच्या थैल्यांचा एकमेव फोटो.)

गावं जोडायला मध्ये कुठंतरी जागा लागते, हे नागपूरला कोणी शिकवायला नको. 1949 पासून मध्यरात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथली टपाल विमानं इथंच येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेच्या आत माघारी फिरत. तेव्हा डाकोटा विमानं होती.

(आजची धावपट्टी. मग अमरावतीचं बेलोरा विमानतळ.)

अमरावतीला 16 एप्रिल 2025 ला प्रवासी विमान आलं, एटीआर जातीचं, मुंबईहून. अकोल्याची शिवणीची धावपट्टी लांब करा म्हणून वर्षानुवर्षं मागणी चालू आहे. ती लांब होईल तेव्हा होवो. या विमानाला किलोमीटरभराची धावपट्टी पुष्कळ होते. मग ते नागपूरहून अकोल्याला का जात नाही?

(विमान धावपट्टीच्या टोकाला वळतं.)

आता आम्ही गप्प बसतो. आवाज ऐका.