गाण्यात आगगाडी पळते कशी? ‘ट्रेन बीट’ हातावर बसवू या

नमस्कार मंडळी. आगगाडीच्या गाण्याला मेट्रोनोम (मिनिटाला ठरावीक टिकटिक देणारं लय-यंत्र) लावून बघा, लय बऱ्याचदा मध्यमच निघते. तरी गाडी सुसाट सुटल्यासारखी वाटते. हा वेग येतो कुठून?

आधी खऱ्या गाडीकडे कान देऊ. जुन्या मार्गांवर रुळाचा तुकडा 13 मीटरचा. उन्हात लोखंड लांबतं, म्हणून दोन तुकड्यांमध्ये फट ठेवलेली. चाक तिच्यावरून गेलं की ‘खट्’. आपल्या जुन्या आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) डब्यांच्या बोगीत, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यात, दोन आस असतात, साधारण 2.9 मीटर अंतरावर. म्हणून बोगीच्या वर बसलेल्याला जोडी ऐकू येते: खट्-खट्… खट्-खट्.

(पडद्यावर आकडे) गाडी ताशी 60 किलोमीटरने धावतेय. जोडीतल्या दोन ठोक्यांमध्ये 0.17 सेकंद, आणि एका जोडीपासून दुसरीपर्यंत 0.78 सेकंद. म्हणजे मिनिटाला जेमतेम 77 जोड्या, अगदी निवांत लय! वेग आहे तो जोडीच्या आतल्या ठोक्यांत. सलग वेल्डिंग केलेल्या रुळांवर हा आवाज जवळजवळ गेलाच, पण गाण्यांनी तो जपलाय.

आता ‘ट्रेन बीट’, म्हणजे आगगाडीच्या चालीचा ठेका, वाजवू. मेट्रोनोम 90 वर, म्हणजे मिनिटाला 90 मात्रा. स्नेअर ड्रम (खरखरीत आवाजाचा छोटा ड्रम) आणि तो वाजवायचे तारांचे ब्रश नसले तरी मांडी चालेल. एका मात्रेत चार आघात, उजवा-डावा-उजवा-डावा, न थांबता. तिसरा आघात जोरात, बाकी तीन हलके. (हात जवळून दाखवा) हलक्या आघाताला हात दोन-तीन सेंटिमीटरच उचला, जोराच्या आघाताला चांगला वीतभर. पायाने मात्रेच्या सुरुवातीला ठेका द्या. बेस गिटार असेल तर तिथेच षड्ज आणि पंचम आलटून-पालटून.

पाय ‘बूम’, हात ‘चिका’. अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशच्या सुरुवातीच्या गाण्यांचा हाच बाज. 1956 साली ‘आय वॉक द लाइन’ रेकॉर्ड करताना ड्रम नव्हताच. कॅशने गिटारच्या तारांत कागद अडकवला, आणि त्या खरखरीने स्नेअरची जागा भरून काढली. साधी गिटार असेल तर करून बघाच, कानाला फार गोड लागतं.

बिघडतं कुठे? सगळे आघात सारख्या जोराचे पडले की गाडी जाते आणि नुसता खडखडाट उरतो. दुसरं म्हणजे मनगट ताठ राहिलं की दोन मिनिटांत हात भरून येतो आणि लय मागे पडते. आणि सगळ्यात मोठी चूक, गाडीने वेग घेतलाय हे दाखवायला लयच वाढवायची. मग गाणाऱ्याला शब्द उच्चारायला जागा उरत नाही.

ऑनेगर या संगीतकाराची 1923 ची ‘पॅसिफिक 231’ ऐका. वाफेच्या इंजिनावरची ही वाद्यवृंदरचना. तिच्यात लय टप्प्याटप्प्याने कमी होत जाते, पण सूर लहान-लहान तुकड्यांत येऊ लागतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला इंजिन जोर धरतंय असंच वाटतं. आपणही तेच करायचं: लय 90 वरच, सुरुवातीला मात्रेत दोन आघात, कडव्याला चार. चाल मात्र लांब सुरांची ठेवा. चाकं भरभर फिरतात, खिडकीतला डोंगर हळूहळू सरकतो, तसं.

सराव करताना फोनवर रेकॉर्ड करा आणि पहिलं नि शेवटचं कडवं लागोपाठ ऐका. शेवटचं पुढे धावत असेल, तर बहुतेक जोराचा आघात लवकर पडतोय. लय 70 वर आणून फक्त तिसरा आघात घोटा.